हप्ता आला, पण शेळी गेली होती

गेल्या महिन्यात आमच्या वर्गात एक चर्चा ठेवली होती. विषय : थेट खात्यात पैसे, मदत की रेवडी? मास कॉमचा वर्ग, त्यामुळे बोलायला सगळेच तयार. एक म्हणाला, फुकटचे पैसे मिळाले की माणूस आळशी होतो. एक म्हणाली, हे सगळं आपल्या टॅक्समधून जातं. आणखी एकाने रेवडी हा शब्द सहा वेळा वापरला. मी मोजत होते.

मी मात्र गप्प बसले. एरवी मी गप्प बसणाऱ्यातली नाही. पण आमच्या घरात दोन लाभार्थी आहेत आणि ते मला वर्गात सांगायचं नव्हतं. लाज वाटली, दुसरं काय! तेव्हा बोलले नाही, म्हणून आता लिहितेय.

आमचं गाव भोर तालुक्यात, पश्चिमेच्या डोंगराकडे. दोन एकर जमीन, त्यातली निम्मी उताराची. खाचरात भात, वरकस जमिनीत नाचणी आणि थोडी वरई. पिकतं ते घरातच खपतं. म्हणजे शेत आम्हाला जेवू घालतं, पण हातात पैसा देत नाही. आणि शेत करायला तर पैसाच लागतो. खताला लागतो, चिखलणीच्या पॉवर टिलरला लागतो. इर्जिक घातली तर लावणीला माणसं मजुरी घेत नाहीत हे खरं, पण त्यांना नीट जेवायला तर घालावं लागतं! ही रोकड येते पप्पांच्या मजुरीतून. शिरवळच्या बाजूला कंत्राटी काम मिळतं, तिकडे ते जातात.

आमच्याकडे पीएम किसानचे पैसे येतात ते आबांच्या, म्हणजे आजोबांच्या खात्यात. सातबारा त्यांच्या नावावर आहे. आबा गुडघ्यांमुळे खाचरात उतरत नाहीत त्याला चार वर्षं झाली. शेत करतात आई आणि पप्पा. पण योजनेच्या व्याख्येत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अल्पवयीन मुलं. जमीन नावावर नसलेला मोठा मुलगा त्यात बसत नाही. कागदावर माझे पप्पा शेतकरीच नाहीत.

वर्षाला सहा हजार, दोन-दोन हजारांचे तीन हप्ते. २०१९ मध्ये योजना सुरू झाली तेव्हाही सहाच हजार होते. २०२३ पासून राज्याच्या नमो शेतकरी योजनेतून आणखी सहा हजार मिळतात. दोन्ही मिळून महिन्याला हजार रुपये पडले. आळशी व्हायला एवढ्यात कसं भागणार, ते मला अजून कळलेलं नाही.

पण दोन हजार म्हणजे काहीच नाही, असंही मी म्हणणार नाही. डीएपीची गोणी १३५० रुपयांना आणि युरियाची २६६ रुपये ५० पैशांना. एका हप्त्यात एक डीएपी, दोन युरिया आणि वर एसटीचं भाडं निघतं. दुकानदाराने सोबत भलतीच बाटली गळ्यात मारली नाही तर! आमच्या भातासाठी हे मोठं काम आहे. फक्त पैसे वेळेवर हवेत. माझं सगळं भांडण तिथेच आहे.

भाताचं वेळापत्रक काही सरकारला नवीन नाही. मेअखेर किंवा जूनच्या पहिल्या पावसात तरवे टाकायचे, जुलैत लावणी. पैसा लागतो तो या दोन महिन्यांत. पीएम किसानचा एक हप्ता एप्रिल ते जुलै या काळाचा असतो. तो कधी आला, ते मी इंटर्नशिपच्या पहिल्या आठवड्यात जुन्या बातम्यांतून काढलं. २०२२ मध्ये ३१ मे, शिमल्याच्या कार्यक्रमात. २०२३ मध्ये २७ जुलै, राजस्थानातल्या सीकरमधून. २०२४ मध्ये १८ जून, वाराणसी. आणि २०२५ मध्ये २ ऑगस्ट, पुन्हा वाराणसी. हप्ता तोच, पण चार वर्षांत तारखेत दोन महिन्यांचा फरक! एक बटण दाबलं की कोट्यवधी खात्यांत पैसे जातात, हे तंत्र आपल्याकडे आहे. मग ते बटण मेमध्ये का दाबलं जात नाही? स्टेज लागायची वाट कशाला पाहायची?

या ऑगस्टच्या हप्त्याने आमच्या घरात काय झालं ते सांगते. जूनमध्ये घरात पैसे नव्हते. आबांना वाटत होतं, आज येतील, उद्या येतील. आई दर दोन दिवसांनी मला फोन करायची, "बघ गं, पैसं कवा पडणार हायत, तुला मोबाइलवर कळतं ना?" मला कसं कळणार? शेवटी खतासाठी आणि टिलरसाठी आईने शेळी विकली. गाभण होती. सात हजार आले. अजून थोडे कमी पडले म्हणून पप्पा लावणीच्या तोंडावर शिरवळला आठ दिवस कामाला गेले आणि लावणी लांबली. २ ऑगस्टला आबांच्या मोबाइलवर मेसेज वाजला तेव्हा आमची खाचरं लावून झाली होती. त्या दोन हजारांतून दुकानाची उधारी फिटली आणि आबांच्या गोळ्या आल्या. उपयोग झालाच, नाही कशाला म्हणू? पण शेळी असती तर तोवर तिला करडं झाली असती.

हा माझ्या एकटीच्या घरचा हिशेब नाही, असं मला वाचताना लक्षात आलं. मध्य प्रदेशात 'सेवा' या संघटनेने युनिसेफच्या मदतीने २०११-१२ च्या सुमारास आठ गावांत एक प्रयोग केला होता. प्रत्येकाला दर महिन्याला पैसे. मोठ्यांना आधी २०० आणि नंतर ३०० रुपये, लहानांना त्याच्या निम्मे. मुलांचे पैसे आईकडे. अट कुठलीच नाही. तिथले लोक आळशी झाले का? उलट, लोकांनी बी-खतावर खर्च वाढवला, जनावरं घेतली आणि दुसऱ्याकडे मजुरीला जाण्याऐवजी स्वतःच्या रानात जास्त वेळ दिला. वाचताना मला पप्पांचे ते आठ दिवस आठवले. रक्कम मोठी नव्हतीच. पण दर महिन्याला येणार हे माहीत होतं. माहीत असलं की माणूस बेत आखतो.

तेलंगणाने २०१८ मध्ये रयतु बंधू सुरू केली ती हंगामाच्या गुंतवणुकीसाठीच, एका हंगामाला एकरी चार हजार. त्यात ज्याची जमीन जास्त त्याला पैसे जास्त, हे मला पटत नाही. पण पैसा पेरणीसाठी द्यायचा आहे, एवढं तरी त्यांनी आधी ठरवलं होतं.

आता दुसरी लाभार्थी, माझी आई. लाडकी बहीणचे दीड हजार. ऑगस्ट २०२४ मध्ये पहिल्यांदा दोन महिन्यांचे तीन हजार एकदम आले, तेव्हा तिने त्यातले दोन हजार माझ्या मेसला पाठवले. वर्गात मी का गप्प होते, ते आता कळलं असेल. ज्या टॅक्सची चर्चा चालली होती, त्यातलं थोडं मी वरण-भातात खाल्लंय.

ते पैसे निवडणुकीच्या तोंडावर आले, हे मलाही दिसतं. आईलाही दिसतं. तरी एक गोष्ट खरी आहे. वीस वर्षं त्या खाचरात राबलेल्या बाईच्या स्वतःच्या खात्यात, तिच्या नावावर, पहिल्यांदा पैसे आले. आबांचे पैसे आले की घरात ठरतं, कशाला वापरायचे. आईचे आले की ती ठरवते.

इथे एक नियम मात्र मला फार खटकतो. ज्या बाईला पीएम किसान आणि नमो शेतकरीचे मिळून महिन्याला हजार मिळतात, तिला लाडकी बहीणमधून फक्त वरचे पाचशेच. म्हणजे जमीन नावावर नाही म्हणून माझ्या आईला पूर्ण दीड हजार, आणि जिच्या नावावर आहे तिला कात्री. देशातल्या वहितीधारकांत बायकांचं प्रमाण २०१५-१६ च्या कृषिगणनेत जेमतेम १४ टक्के होतं. त्या थोड्या बायकांच्याच वाट्यातून हजार रुपये वाचवायचे का? शेतीचा पैसा शेतीचा आणि बाईचा पैसा बाईचा. तो एकमेकांतून वजा करायचा कशाला? हे करणाऱ्यांनी कधी तरी सांगावं.

आणि खात्यात पैसे टाकले म्हणजे बाकी सगळं माफ, असंही नाही. याच २०२५ च्या खरिपात राज्यातला एक रुपयात पीकविमा बंद झाला, आता पुन्हा दोन टक्के हप्ता भरायचा. एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने काढलं, तर आमच्यासारख्यांना बेरीज कुठून करायची तेच समजत नाही.

मला वाटतं, रक्कम वाढवायची तेव्हा वाढवा. आधी तारीख ठरवा. खरिपाचा हप्ता मेच्या तिसऱ्या आठवड्यात, कार्यक्रम असो वा नसो. नोकरदारांच्या पगाराला बटण दाबायचा सोहळा होत नाही, तरी पगार होतोच ना?

दिवाळीनंतर आईने साठवलेल्या दीड-दीड हजारांतून एक पाट घेतली. छोटी आहे, तपकिरी, डाव्या कानावर पांढरा ठिपका. मी घरी गेले की माझ्या बॅगेचा पट्टा चावते. जूनपर्यंत ती गाभण राहील, असा आईचा हिशेब आहे. मेचा हप्ता कधी, ते तिने मला परवाच विचारायला सुरुवात केलीय.