मैत्रीसाठी दोनशे तास

सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत अकरावी-बारावीच्या मुलांची पोटदुखी आता नेहमीची झाली आहे. मुलगी सोळा वर्षांची, ‘नीट’च्या तयारीसाठी गाव सोडून लातूरला आलेली. तिच्या जेवणाखाण्याची आबाळ नको म्हणून आईही भाड्याच्या खोलीत सोबत राहते. रोज सकाळी पोटात दुखते, मळमळते. वजन घटलेले नाही, ताप नाही, दुखण्याने रात्री जाग येत नाही, शौचातून रक्त जात नाही. रक्त-लघवी आणि सोनोग्राफीचे रिपोर्टही ठीक. डॉक्टर विचारतात, जेवण जाते का? उत्तर आई देते. झोप लागते का? तेही उत्तर आईच देते. ‘इथं तुझी मैत्रीण कोण?’ या प्रश्नाला मात्र दोघी गप्प होतात. मग आई म्हणते, ‘तिला वेळच कुठंय, डॉक्टर? एकदा एमबीबीएसला नंबर लागू द्या, मग मैत्रिणीच मैत्रिणी!’

या मुलीचे दुखणे नाटक नव्हे. मेंदू आणि आतडी मज्जातंतूंनी जोडलेली आहेत. मनावर ताण आला की आतड्यांची हालचाल बदलते, एरवी न जाणवणारी कळ जाणवू लागते. चूक आहे ती आईच्या वाक्यात, आणि ती एकट्या आईची नाही. मैत्री म्हणजे अभ्यास संपल्यावर मिळणारे बक्षीस, असे आपण सगळेच धरून चाललो आहोत. प्रत्यक्षात वाढत्या वयात ती झोपेइतकीच गरजेची आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2025 च्या अहवालानुसार जगात दर सहा माणसांमागे एकाला एकटेपणा ग्रासतो. 13 ते 29 या वयोगटात हे प्रमाण 17 ते 21 टक्के आहे आणि त्यातही किशोरवयीन मुलांमध्ये सर्वाधिक. 2010 मध्ये 148 अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण झाले. ज्यांची नाती घट्ट, त्यांची जगण्याची शक्यता सुमारे 50 टक्के अधिक, असा त्याचा निष्कर्ष होता.

मग अडते कुठे? तासांच्या हिशेबात. अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठाचे जेफ्री हॉल यांनी नव्या गावात राहायला आलेली माणसे आणि महाविद्यालयात नव्याने दाखल झालेले विद्यार्थी यांचा अभ्यास केला. नुसत्या ओळखीचे साध्या मैत्रीत रूपांतर व्हायला सुमारे 50 तास, खऱ्या मैत्रीला 90, तर जिवलग मैत्रीला 200 हून अधिक तास एकत्र घालवावे लागतात, असा त्यांचा अंदाज. हे तास एका बाकावर बसून लेक्चर ऐकण्याचे नव्हेत. गप्पांचे, खेळाचे, टिंगलटवाळीचे. आठवड्याला असे चार तास मिळाले, तरी दोनशे तासांना पन्नास आठवडे लागतात, म्हणजे जवळजवळ सबंध अकरावी. इंटिग्रेटेड कॉलेज, क्लास, टेस्ट सिरीज आणि स्टडी रूम यांच्या वेळापत्रकात हे चार तास कुठेच नाहीत. नोट्स पाठवण्यापुरता असलेला व्हॉट्सॲप ग्रुप त्यांची जागा घेऊ शकत नाही.

‘वाईट संगत लागली तर?’ ही पालकांची भीती खोटी नाही. पण मोबाइल तपासून संगत कळत नाही. मुलांच्या मित्रांना घरी बोलावून, पोहे खाऊ घालून कळते. तेव्हा ‘तुला टेस्टला किती पडले?’ हा प्रश्न मात्र टाळावा. त्या एका प्रश्नाने समोरची मैत्रीण स्पर्धक होऊन जाते. क्लास सुटल्यावर अर्धा तास रेंगाळू द्यावे, रविवारची संध्याकाळ मोकळी ठेवावी. मुलींच्या बाबतीत तर हे ठरवून करावे लागते, कारण ‘बाहेर थांबू नकोस’ हे वाक्य त्यांनाच जास्त ऐकावे लागते.

घरातल्या नात्यालाही हाच नियम लागू आहे. जेवताना सगळ्यांचे मोबाइल बाजूला असावेत, आईवडिलांचेही. मूल काही सांगू लागले की लगेच सल्ला देऊ नये. आधी पूर्ण ऐकावे. आणि त्याला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्यालाच देऊ द्यावे, मग समोर डॉक्टर असले तरी.

त्या खोलीत आणखी एक व्यक्ती एकटी असते, ती म्हणजे आई. शेजार, भावकी, गावातल्या बायका सारे मागे ठेवून ती चार भिंतींत मुलीच्या मार्कांकडे डोळे लावून बसते. तिने शेजारच्या खोलीतल्या आईशी ओळख काढली, तर त्या दोघींवरचाच नव्हे, मुलींवरचाही भार हलका होईल.

केंद्र सरकारचा राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम 2014 पासून 10 ते 19 वयाच्या मुलांसाठी सुरू आहे. महाराष्ट्रात त्यातल्या क्लिनिकचे नावच ‘मैत्री’ आहे. तिथे मुलांना मोकळेपणाने बोलता येते. मूल आठवडेच्या आठवडे कुणाशी बोलत नसेल, जेवण-झोप बिघडली असेल, तर थांबू नये. जगणे नको झाल्याची भाषा ऐकली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. टेलिमानसचा 14416 हा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो.

निकाल लागेल तेव्हा नंबर लागेल किंवा हुकेल. दोन्ही वेळी पहिला फोन करायला कुणीतरी हवे, आणि ते माणूस निकालाच्या दिवशी शोधून सापडत नाही.