जुनी फॅमिली कार घेताय? आधी फोन काढा, मग बोनेट उघडा

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारनं एक अधिसूचना काढली. २० वर्षांवरच्या कारचं रजिस्ट्रेशन रिन्यू करायचं असेल, तर फी १०,००० रुपये. त्याच महिन्यात दिल्लीतल्या जुन्या गाड्यांवर सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. त्याच महिन्यात ई-२० पेट्रोलवरून सोशल मीडियावर भांडणं झाली. आणि वर्षभर महाराष्ट्रात एचएसआरपी नंबर प्लेटची मुदत वाढत राहिली.

या चारही बातम्या वेगवेगळ्या वाटतात, पण चारही एकाच गोष्टीबद्दल आहेत: जुनी गाडी. घरात बाबा किंवा काका "दीड-दोन लाखात एखादी मोठी गाडी बघ रे ओएलएक्सवर" असं म्हणत असतील, तर हे सगळं तुमच्याशी संबंधित आहे. चला, नीट समजून घेऊया.

मोठी गाडी लागते कुणाला?

परदेशात कुटुंबाची गाडी म्हणजे बऱ्याचदा एस्टेट, म्हणजे आपल्याकडची 'स्टेशन वॅगन'. कारसारखी बसकी, पण मागे सामानाला भरपूर जागा. आपल्याकडे हा प्रकार फारसा चालला नाही. टाटानं १९९२ मध्ये 'एस्टेट' याच नावाची गाडी आणली. नंतर मारुतीची बलेनो अल्टुरा आली, २००४ मध्ये टाटाची इंडिगो मरिना आली. तिन्ही आज फक्त सेकंडहँड बाजारात सापडतील. त्यांची जागा आपल्याकडे सुमो, क्वालिस, बोलेरो, इनोव्हा आणि नंतर अर्टिगानं घेतली. त्यामुळे आपल्यासाठी 'जुनी फॅमिली कार' म्हणजे याच गाड्या.

आता अकोले तालुका डोळ्यांसमोर आणा. (विदर्भातलं अकोला नाही, प्रवरेकाठचं आपलं अकोले. जुन्या गाड्यांच्या ॲपवर गाव निवडताना ही गल्लत सहज होते. अकोल्याचं पासिंग एमएच-३०, आपलं श्रीरामपूरचं एमएच-१७.) तालुक्यात रेल्वे नाही. राजूर, कोतूळ, समशेरपूर भागातून रात्री पेशंट संगमनेरला किंवा नाशिकला न्यायचा तर एसटीच्या वेळापत्रकावर विसंबून चालत नाही. घरात सात माणसं, नवी सात सीटर परवडत नाही. मग दहा-पंधरा वर्षं जुनी गाडी हाच मार्ग उरतो. इथे ही गाडी शौकाची वस्तू नाही.

म्हणूनच ती घेताना चूक झाली तर महागात पडते.

१५ आणि २०: हे दोन आकडे पाठ करा

खासगी कारचं पहिलं रजिस्ट्रेशन १५ वर्षं चालतं. त्यानंतर आरटीओची तपासणी होते आणि पुढची पाच वर्षं मिळतात. एप्रिल २०२२ पर्यंत या रिन्यूअलची फी ६०० रुपये होती. ती ५,००० झाली. उशीर केला तर कारला दर महिन्याला ५०० रुपये जादा. आणि गाडी २० वर्षांच्या पुढे गेली की आता १०,००० रुपये, वर जीएसटी. शिवाय महाराष्ट्रात १५ वर्षांनंतर पर्यावरण कर वेगळा भरावा लागतो.

याचा अर्थ काय? समजा दोन गाड्या विकायला आहेत. एक नोव्हेंबर २०११ ची, एक मार्च २०१३ ची. पहिली वीस हजारांनी स्वस्त. फोटोत दोन्ही सारख्याच दिसतात. पण पहिलीचं पासिंग काही महिन्यांत संपणार आहे. तपासणी, फी, पर्यावरण कर आणि तपासणीत पास व्हायला करावं लागणारं काम, हे सगळं नव्या मालकाच्या खिशातून जाणार. वीस हजारांची सूट तिथेच संपते. मालक नेमकं याच वेळी गाडी विकायला का काढतो, ते आता कळलं असेल.

एकच मॉडेल, पण नशीब वेगळं

दिल्लीची बातमी आपल्या कामाची का आहे, ते बघा. १ जुलै २०२५ पासून दिल्लीत १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांना पंपावर इंधन द्यायचं नाही, असं ठरलं. पंपावर कॅमेरे लावले. कॅमेरा नंबर प्लेट वाचणार, 'वाहन' या सरकारी डेटाबेसला विचारणार आणि गाडीचं वय सांगणार. गाडी किती धूर सोडते, हे तो कॅमेरा बघतच नव्हता. विरोध झाला आणि काही दिवसांतच ही मोहीम थांबली. १२ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयानं फक्त वयाच्या आधारावर सक्तीची कारवाई करू नका असं सांगितलं. पण १७ डिसेंबर २०२५ ला हे संरक्षण बीएस-४ आणि त्यापुढच्या गाड्यांपुरतंच ठेवलं. बीएस-३ आणि त्याआधीच्या गाड्या पुन्हा कारवाईच्या कक्षेत आल्या.

महाराष्ट्रात खासगी गाडीवर वयाची अशी सरसकट बंदी नाही. पण दिशा लक्षात घ्या: उद्या कुठेही निर्बंध आले, तर रेष बीएस-३ आणि बीएस-४ च्या मध्ये ओढली जाण्याची शक्यता जास्त.

आणि इथेच एक गंमत आहे. बीएस-४ नियम २०१० मध्ये आधी मुंबई-पुण्यासारख्या १३ मोठ्या शहरांत आला. बाकी देशात तो टप्प्याटप्प्यानं पसरत १ एप्रिल २०१७ ला सगळीकडे लागू झाला. म्हणजे २०१२ ची तीच गाडी, तोच रंग, तेच इंजिन. पुण्यात पासिंग झालेली बीएस-४ असेल आणि छोट्या गावात पासिंग झालेली बीएस-३ असू शकते. फरक कागदावरचा नाही. बीएस-३ डिझेल कारला एका किलोमीटरमागे ०.०५ ग्रॅम काजळीकणांची मुभा होती, बीएस-४ ला त्याच्या निम्मी. पीयूसीसुद्धा बीएस-४ ला वर्षातून एकदा, त्याआधीच्या गाडीला दर सहा महिन्यांनी.

दिल्लीची स्वस्त डिझेल गाडी कुणी देत असेल, तर हे आधी विचारा. शिवाय बाहेरच्या राज्यातली गाडी म्हणजे तिथल्या आरटीओची एनओसी, इथे नवा नंबर आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स. हा खर्च मिळवल्याशिवाय तिला स्वस्त म्हणू नका.

फोनवरची दहा मिनिटं

जुना मोबाइल घेताना आपण आयएमईआय तपासतो, बॅटरी हेल्थ बघतो. गाडीचंही तसंच करायचं. एमपरिवहन ॲप किंवा परिवहन वेबसाइटवर गाडीचा नंबर टाका आणि हे बघा:

- रजिस्ट्रेशनची तारीख आणि ते कधीपर्यंत वैध आहे.
- एमिशन नॉर्म: बीएस-३ की बीएस-४.
- कितवा मालक आहे. जाहिरातीत 'फर्स्ट ओनर' आणि इथे तिसरा दिसला, तर बोलणं तिथेच थांबवा.
- बँकेचा बोजा. कर्ज फिटलं तरी आरसीवरून बोजा काढलेला नसतो, असं खूपदा होतं. बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ विकणाऱ्याकडूनच घ्या.
- इन्शुरन्स आणि पीयूसी चालू आहे का. आरसी ब्लॅकलिस्ट आहे का.
- ई-चलनाच्या साइटवर थकलेले दंड.

एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर एचएसआरपी प्लेट बसवली आहे का, तेही बघा. कारला ७४५ रुपये अधिक जीएसटी, एवढाच खर्च आहे. पण ती नसेल तर आरटीओत नाव ट्रान्सफरचं काम अडू शकतं.

आणि नाव ट्रान्सफर "नंतर बघू" म्हणून ठेवू नका. कायद्यानं घेणाऱ्यानं ३० दिवसांत अर्ज करायचा असतो. विकणाऱ्यालाही हे माहीत हवं: २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की गाडी विकली तरी रेकॉर्डवर ज्याचं नाव, तोच कायद्यानं मालक, आणि अपघाताची भरपाई त्याच्याच गळ्यात. इन्शुरन्सही १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्या. नाहीतर आपल्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम फसतो.

आता बोनेट

कागद बरोबर असतील तरच गाडी बघायला जा. आणि जाताना ओबीडी डोंगल घेऊन जा. हजार रुपयांच्या आत मिळतो, स्टिअरिंगच्या खालच्या सॉकेटमध्ये बसतो आणि ब्लूटूथनं फोनला जोडतो. ॲप इंजिनच्या कॉम्प्युटरमधले फॉल्ट कोड दाखवतं. फक्त "एकही कोड नाही" एवढ्यावर खूश होऊ नका. कोड एका बटणात पुसता येतात. ॲपमध्ये 'रेडिनेस मॉनिटर' बघा. बरेच मॉनिटर 'अपूर्ण' दिसले, तर कोड नुकतेच पुसले असावेत किंवा बॅटरी काढली असावी. अशा वेळी गाडी दोन-तीन दिवस चालवून पुन्हा दाखवा म्हणायचं. जुन्या बीएस-३ गाड्यांत हा सॉकेट किंवा पूर्ण माहिती मिळेलच असं नाही. तिथे अनुभवी मेकॅनिकच हवा.

रनिंगच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. डिजिटल मीटर म्हणजे शेवटी मेमरीत लिहिलेला एक नंबर, तो बदलता येतो. सर्व्हिसची बिलं मागा, प्रत्येक बिलावर तारीख आणि किलोमीटर असतात. टायरवर चार आकडी कोड असतो: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. मीटरवर पन्नास हजार आणि पॅडलचं रबर गुळगुळीत, हे जुळत नाही.

आपल्या भागात एक गोष्ट जास्त बघायची: गंज. भंडारदरा, घाटघर, रतनवाडीकडचा पाऊस आणि चिखल ज्या गाडीनं दहा पावसाळे खाल्ले, तिची चॅसी खालून टॉर्च मारून बघा. वरून नवा रंग मारता येतो, पण खालच्या पत्र्यावरची खपली हातानं लगेच कळते. घाटात चाललेल्या गाडीचे ब्रेक, क्लच प्लेट आणि सस्पेन्शन ट्रायलमध्ये चढावर तपासा. इंजिनात टायमिंग बेल्ट आहे की चेन, ते विचारा. बेल्ट असेल आणि तो कधी बदलला याचं बिल नसेल, तर तो बदलायचा खर्च किमतीतून वजा करा. तो चालू इंजिनात तुटला तर अख्खं इंजिन खोलायची वेळ येऊ शकते.

पेट्रोल घेताय? मग ई-२०

एप्रिल २०२३ च्या आधीच्या बहुतेक पेट्रोल गाड्या ई-२० साठी बनवलेल्या नाहीत, आणि आता पंपावर मुख्यतः तेच मिळतं. आपला जिल्हा उसाचा. अकोल्यात अगस्ती कारखाना, पलीकडे संगमनेर, प्रवरानगर. इथेनॉलमुळे साखर कारखानदारीला दुसरा ग्राहक मिळाला, हे खरं आहे. जुन्या गाडीचा खर्च वाढतो, हेही खरं आहे. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच जुन्या कारचं मायलेज ६ ते ७ टक्के घटू शकतं असं लिहिलंय. पेट्रोलियम मंत्रालयानंही काही जुन्या गाड्यांचे रबरी भाग आणि गॅस्केट २०-३० हजार किलोमीटरनंतर बदलावे लागतील असं सांगितलं.

घाबरायचं कारण नाही, पण फ्युएल पाइप आणि सील पहिल्याच सर्व्हिसला तपासून घ्या. गाडी महिनामहिना उभी राहणार असेल तर जास्त काळजी घ्या. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं.

दरवर्षीचा हिशोब

थर्ड पार्टी इन्शुरन्स इंजिनच्या सीसीवर ठरतो. २०२२ मध्ये ठरलेल्या दरानं १००० ते १५०० सीसीला वर्षाला ३,४१६ रुपये आणि १५०० च्या वर ७,८९७, अधिक जीएसटी. म्हणजे १.३ लिटर डिझेलची अर्टिगा आणि २.५ लिटरची इनोव्हा यांत दरवर्षी साडेचार हजारांहून जास्त फरक. गाडी कितीही जुनी झाली तरी हा फरक राहतोच. विकत घ्यायच्या बजेटमधले किमान २०-२५ टक्के पहिल्या वर्षाच्या कामासाठी बाजूला ठेवा, असं मी सगळ्यांना सांगतो.

वय मोजायचं की तब्येत?

जुन्या डिझेल गाड्या जास्त प्रदूषण करतात, यात वाद नाही. प्रश्न आहे तो उपायाचा. फी ६०० वरून ५,००० आणि मग १०,००० केली की श्रीमंत माणूस गाडी बदलतो. ज्याला बदलता येत नाही, त्याची गाडी रस्त्यावरून जात नाही, ती फक्त रेकॉर्डमधून जाते. पासिंग संपलेली, इन्शुरन्स नसलेली गाडी गावातल्या गावात फिरत राहते. तिनं उद्या कुणाला उडवलं, तर त्या कुटुंबाला भरपाई मिळवताना नाकी नऊ येतात. प्रदूषणही कमी होत नाही आणि सुरक्षाही जाते.

सिस्टिमला गाडीची जन्मतारीख माहीत आहे, कारण ती डेटाबेसमधली एक नोंद आहे आणि वाचायला सोपी आहे. गाडीची तब्येत मोजायला यंत्रं लागतात, माणसं लागतात आणि ती तालुक्याच्या जवळ लागतात. श्रीरामपूरला जाऊन यायचं म्हणजे अकोलेकराचा अख्खा दिवस जातो. नीट तपासणी जवळ झाली, पास झालेल्या गाडीला माफक फी आणि नापास झालेलीला खरोखर बंदी, हे जास्त न्याय्य ठरेल.

तोपर्यंत तुमच्या हातात एक गोष्ट आहे. प्रत्येक सर्व्हिसच्या बिलाचा फोटो काढा, तारीख आणि किलोमीटर टाकून गूगल ड्राइव्हवर एका फोल्डरमध्ये ठेवा. सरकारी नोंदीत गाडीचं फक्त वय आहे. तिची काळजी कुणी घेतली, याचा पुरावा त्या फोल्डरशिवाय दुसरीकडे कुठेच नसेल.