तान्ह्या बाळाच्या लघवीची परीक्षा

वैशाखात नागपूरचे ऊन थोरांनाही सोसत नाही. मग पाळण्यातील मूल कढत लागले व लघवीच्या वेळी रडू लागले, की 'उन्हाळी लागली असेल' असे म्हणून धन्याचे पाणी पाजण्यात येते. परंतु महिन्याच्या आतील बालकाचा ज्वर हा घरगुती उपचारांचा विषय नव्हे. अंगाचे तापमान १००.४ अंश फॅरनहाइट भरताच मेडिकल, मेयो किंवा जवळचे रुग्णालय गाठावे. या ज्वराचे मूळ मूत्रमार्गात असू शकते, आणि इतक्या कोवळ्या वयात तेथील जंतू रक्तात शिरण्याचे भय असते.

तान्ह्या मुलास आपले दुखणे सांगता येत नाही. म्हणूनच काश्यपसंहितेत, लक्षणांवरून बालकाची पीडा ओळखण्याकरिता, स्वतंत्र वेदनाध्याय आहे. आजचे वैद्यक लक्षणांच्या जोडीस लघवीची साक्ष मागते. मात्र ती साक्ष निर्मळ हवी. दुपट्यातून पिळलेली लघवी निरुपयोगी होय. कातडीस चिकटविलेल्या पिशवीतही त्वचेवरील व विष्ठेतील जंतू मिसळतात. त्यामुळे नसलेला रोग ठरून बालकास विनाकारण औषधे भोगावी लागतात.

माद्रिद येथील डॉक्टरांनी २०१३ साली एक सोपी रीत प्रसिद्ध केली. बाळास पाजून पंचवीस मिनिटे थांबावे व अवयव साबणपाण्याने स्वच्छ करावेत. एकाने काखेत धरून बाळास उभे, पाय लोंबते ठेवावे. दुसऱ्याने ओटीपोटावर बोटांनी मिनिटास शंभर या गतीने अर्धा मिनिट हलकेच ठोकावे, मग तितकाच वेळ कमरेशी कण्याच्या दोन्ही बाजू अंगठ्यांनी चोळाव्यात. असे आलटूनपालटून करीत असता धार सुटते. तिचा मधला भाग निर्जंतुक बाटलीत झेलावा. त्यांच्या ८० बालकांपैकी ६९ जणांत ही रीत साधली, आणि सरासरी वेळ एका मिनिटाहूनही कमी लागला! अर्थात हे परिचारिकेच्या देखरेखीखालीच करावे, आणि बाटली विनाविलंब प्रयोगशाळेत पोचवावी.

मूल फार आजारी असल्यास डॉक्टर बारीक नळीने किंवा ओटीपोटातून सुईने लघवी काढतात. हे ऐकताच घरची मंडळी, विशेषतः आजीआजोबा, आडवी येतात. ही माया समजण्यासारखी असली, तरी तिने खोळंबा होतो, आणि अशा वेळी खोळंबाच घातक. घरात उरलेले जंतुनाशक औषध आधी पाजणे तर सर्वथा वर्ज्य. त्याने जंतू दडतात व परीक्षा फसते.

सारांश, उन्हाळी की जंतुदोष, याचा निवाडा माजघरात न करता त्या निर्मळ थेंबांवर सोपवावा.