आमच्या डोक्याचं माप कुणी घेतलंय का?



या वेळी टोपीबद्दल लिहायचं ठरवलंय. वाचून काहीजणी हसतील. मारहाण, पोटगी, मजुरी, रेशन, एवढे प्रश्न समोर असताना टोपी कसली काढलीस, असं आमच्या गटातही मला विचारलं गेलं. मीही आधी हसलेच होते. माझं हसू एका मावशींनी थांबवलं.

गेल्या उन्हाळ्यात सातपूरला आमची वस्तीतली बैठक होती. विषय रेशनकार्डांचा. या मावशी त्र्यंबक रस्त्याच्या बाजूला चाललेल्या एका कामावर खडी-मुरूम वाहायला जात होत्या. बैठकीला उशिरा आल्या आणि भिंतीला टेकून डोकं धरून बसल्या. दुपारी कामावर भोवळ आली होती, ओकारी झाली होती. मुकादमानं तासभर सावलीत बसू दिलं आणि त्या तासाचे पैसे कापले. त्यांच्या पिशवीत पिवळं हेल्मेट होतं आणि त्या हेल्मेटात भाकरीचं फडकं. मी समाजकार्याची पदवी मिरवत विचारलं, "मावशी, हेल्मेट दिलंय ना? मग डोक्यावर का घालत नाही?"

त्या म्हणाल्या, "तुम्हीच घालून बघा ताई. आंबाडा सोडावा लागतो. वर पाटी ठरत नाही. अन् आत डोकं शिजतं."

मी घातलं. संध्याकाळचे सहा वाजलेले होते, तरी पाच मिनिटांत कपाळावरून घामाची धार लागली. मावशींचं म्हणणं शब्दन्‌शब्द खरं होतं.

वरून वीट पडेल अशा जागी हेल्मेट हवंच, त्याबद्दल वाद नाही. पण रस्त्याच्या कामावर वरून पडतं ते फक्त ऊन. त्यासाठी बाईला कुणी काय दिलंय? मजूर नाक्यावर सकाळी उभ्या असणाऱ्या बाया, कचरा वेचणाऱ्या, रस्ता झाडणाऱ्या, भाजी घेऊन रस्त्याकडेला बसणाऱ्या, पेठ-सुरगाण्याहून टोळीनं द्राक्षबागांत येणाऱ्या, यातल्या कुणाच्याही डोक्याचं माप आजवर कुणी घेतलेलं नाही. द्राक्षबागेत तर मांडवाची सावली असते असं आपल्याला वाटतं. पण एप्रिलमध्ये खरड छाटणी होते तेव्हा वेली उघड्या बोडक्या असतात. ऊन सगळ्यांत कडक आणि सावली शून्य, नेमक्या त्याच दिवसांत तिथं हात लागतात.

"बाईच्या डोक्यावर पदर असतो की," असं उत्तर मला एका ठेकेदारानं दिलं. या उत्तराशी जरा थांबू या. पदर डोक्यावर आला तो उन्हासाठी आला का? तो आला सासऱ्यासाठी, दिरासाठी, गावच्या पारासाठी. कुणासमोर घ्यायचा, कितीपर्यंत ओढायचा, याचे नियम माणसं बघून ठरले, सूर्य बघून ठरले नाहीत. पुरुषाचं मुंडासं बघा. ते कामाचं साधन आहे. त्याच्या घड्यांत हवा राहते, घाम त्यातच टिपला जातो, ओझ्याखाली तेच चुंबळ होतं आणि दुपारी उशीही होतं. पदर वाकलं की घसरतो. एक हात तो सावरण्यात जातो. शिवाय सुती लुगडं मागे पडून आता स्वस्त म्हणून अंगावर आली आहे सिंथेटिक साडी. ती घाम शोषत नाही आणि डोक्याला चिकटून तापते. लाज झाकायला ती पुरते, माथा झाकायला पुरत नाही.

आपल्या बायांना डोक्यावरचं साधन घडवता येत नव्हतं असं मात्र नाही. कोकणात आणि घाटमाथ्यावरच्या भातपट्ट्यात लावणीच्या वेळी बाया इरलं घेत. बांबूच्या कामट्यांची ताटी, आत झाडाची पानं, डोक्यापासून कंबरेखालपर्यंत येणारी. वाकून काम करणाऱ्या माणसाची पाठ पावसापासून झाकली जावी आणि दोन्ही हात मोकळे राहावेत, एवढा विचार त्या आकारात आहे. आसामात बांबू आणि ताडाच्या पानांची जापी शेतात वापरतात, व्हिएतनाममध्ये पानांची निमुळती टोपी. ती डोक्याला चिकटत नाही, मध्ये हवा फिरते. काम ओळखून साधन घडलं की ते असं घडतं.

आणि हवा खेळती राहील अशी टोपी करण्याचं शास्त्र आपल्याकडे नवीन आहे का? मुळीच नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्रज साहेबासाठी शोल्याची टोपी बनत होती. शोला ही पाणथळीतली वनस्पती, तिचा गर अगदी हलका. त्या टोपीच्या माथ्यावर हवा जायला भोक असे आणि आतली पट्टी टोपीपासून थोडी सुटी ठेवलेली असे, म्हणजे डोक्याभोवती वारा फिरावा. टोपी घडवणारे हात इथलेच, डोकं तेवढं साहेबाचं. आताच्या काळात २०२३-२४ मध्ये गुजरातेत अहमदाबाद आणि वडोदरा इथं वाहतूक पोलिसांसाठी बॅटरीवर चालणारी गार हवेची हेल्मेटं वापरून बघितली गेली. पोलिसांना ती मिळोत, उन्हात उभं राहणं हे कष्टाचंच काम आहे. माझा प्रश्न एवढाच, की त्याच चौकात झाडू मारणारी बाई त्याच उन्हात असते, तिच्या डोक्याची आठवण कुणाला का होत नाही?

म्हणून आम्ही दहा-बाराजणी शिवणयंत्र घेऊन बसलो. आमच्यातल्या एकीचं शिवणकामाचं दुकान आहे, दोघी नाक्यावर जातात, चौघी कचरा वेचतात. एम.एस.डब्ल्यू.च्या दोन वर्षांत मला गरजांचं सर्वेक्षण शिकवलं होतं. पण खरी गरज मला टेपपट्टी हातात घेतल्यावर कळली. त्या बैठकांतून जे हाती लागलं ते इथं सांगते, कारण ते इतर गटांनाही उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट आंबाड्याची. बाजारातली टोपी केस कापलेल्या डोक्यासाठी असते. आम्ही मागची बाजू उघडी ठेवली आणि नाडी लावली, म्हणजे आंबाडा बाहेर राहतो आणि माप ज्याचं त्याला कमीजास्त करता येतं. इलॅस्टिक नको असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. ते कपाळावर वळ उठवतं आणि घामानं लवकर मरतं.

दुसरी गोष्ट हवेची. घाम वाळला तरच अंग निवतं. टोपीच्या आत ओलसर हवा कोंडली तर घाम येत राहतो, वाळत नाही. कापड टाळूला टेकलं तर त्याची धग सरळ डोक्यात उतरते. म्हणून आतल्या पट्टीवर चिंध्यांच्या चार छोट्या गाद्या शिवल्या. त्यांनी टोपी बोटभर वर उचलली जाते. दोन्ही बाजूंना जाळीचं कापड, आणि माथ्यावर एक फट ठेवून तिच्यावर दुसरं झाकण, म्हणजे गरम हवा वर निघून जाते पण ऊन आत येत नाही. साहेबाच्या टोपीतली युक्ती आम्ही जुन्या सुती लुगड्यात उतरवली असं म्हणा.

तिसरी गोष्ट कडेची. पुढे तीन-चार बोटं कड, मागे मानेवर पडणारी झालर. चौफेर मोठी कड कचरा वेचणाऱ्यांना आवडली, पण ओझं वाहणारीला ती चालत नाही. घमेलं चढवताना ती मध्ये येते आणि पायाखालचं दिसत नाही. तिच्यासाठी माथा सपाट ठेवला, वर चुंबळ बसेल असा. म्हणजे एकच टोपी सगळ्या बायांना चालणार नाही, हेही कळलं.

चौथी गोष्ट रंगाची, आणि ही मला सर्वांत जास्त शिकवून गेली. फिका रंग ऊन परतवतो म्हणून मी पांढरं कापड आणलं होतं. कुणी हातच लावेना. शेवटी एकजण हळूच म्हणाली, "नवरा जिता आहे माझा." आम्ही व्यासपीठावरून वैधव्याच्या चिन्हांविरुद्ध कितीदा बोललो असू! पण त्या दुपारी भाषण करायची माझी हिंमत झाली नाही. टोप्या फिक्या पिवळ्या आणि फिक्या गुलाबी झाल्या.

पाचवी गोष्ट अर्थातच पदराची. "टोपी घातली तर पदर कुठं घेऊ? सासरा त्याच नाक्यावर असतो," असा प्रश्न आला. बायांनीच तोड काढली. टोपीला दोन्ही कानांजवळ बंद लावले, वाटलं तर पदर त्यात अडकवता येतो. यावर आमच्या गटात कडाक्याचं भांडण झालं. एक मैत्रीण म्हणाली, पदराला जागा करून देणं म्हणजे पुरुषी व्यवस्थेला जागा करून देणं. तिचं म्हणणं मी सोडून देत नाही. पण मला वाटतं, पदर सोडायचा की नाही हे त्या बाईनं ठरवायचं, आणि ते तिनं भोवळ येऊन पडण्याच्या आधी ठरवायला हवं. काही दिवसांनी दोघी-तिघींनी ते बंद वापरणं आपणहून सोडलं. कारण विचारलं तर म्हणाल्या, "गुंता होतो." क्रांती कधीकधी अशीही होते.

आता दुसऱ्या, जास्त गंभीर आक्षेपाकडे वळते. आपल्या भाषेत टोपी घालणं म्हणजे फसवणं. उद्या ठेकेदार म्हणेल, टोपी दिली आहे, आता दुपारी बारा ते चार काम करा. ही भीती खोटी नाही. टोपी ऊन अडवते, हवेचं तापमान उतरवत नाही. आणि ओझं वाहताना आपलं शरीर स्वतःच उष्णता तयार करत असतं. चाळीस अंशांच्या वर कितीही चांगली टोपी असली तरी विश्रांतीला पर्याय नाही, पाण्याला तर नाहीच. आणि पाण्याचा प्रश्न हा संडासाचा प्रश्न आहे. कामावर बायांना जायला आडोसा नसतो, म्हणून त्या सकाळपासून पाणीच पीत नाहीत. मग लघवीची जळजळ, आणि दुपारी भोवळ. त्या मावशींनीही त्या दिवशी सकाळपासून पेलाभरच पाणी घेतलं होतं.

१६ एप्रिल २०२३ ला नवी मुंबईत खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात लोक तासन्‌तास उघड्यावर बसले होते. १४ जणांचा बळी गेला, आणि त्यांत स्त्रिया जास्त होत्या. व्यासपीठावर छत होतं, समोर नव्हतं. सावली कुणाला मिळायची हे आधीच ठरलेलं असतं, हे आपण तिथून शिकायला हवं.

सातपूरच्या कारखान्यांकडे बघा. १९४८ च्या कारखाने कायद्यात, कलम १३ मध्ये, कामाच्या जागी हवा खेळती ठेवायची आणि तापमान सुसह्य राखायचं असं लिहिलेलं होतं. ती जबाबदारी मालकाची होती. किती ठिकाणी पाळलं गेलं तो वेगळा विषय, पण निदान भांडायला कलम होतं. २०२५ च्या नोव्हेंबरात नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आणि जुने कायदे त्यांत मिसळले. पण कारखान्याच्या कुंपणाबाहेर जी बाई काम करते, जिच्या कामाच्या जागेला छप्परच नाही, तिची हवा खेळती ठेवायची कुणी? तिचं छप्पर तिच्या डोक्यावरच असणार. म्हणून मी टोपीला कामाचं साधन म्हणते. ती दान म्हणून नको. निवडणुकीत वाटतात तसली चिन्हवाली नायलॉनची टोपी तर नकोच नको.

२०२६-२७ च्या सिंहस्थासाठी नाशकात रस्त्यांची, पुलांची, घाटांची कामं निघाली. अशी कामं बायांच्या डोक्यावरून वाहिली जातात. तेव्हा आपण काय मागायचं? बांधकाम मजुरांच्या कल्याणकारी मंडळाकडून नोंदीत मजुरांना सुरक्षा संच मिळत आले आहेत. त्यांत बायांच्या मापाची, बायांनी वापरून पसंत केलेली उन्हाची टोपी असावी. महापालिकेच्या ठेक्यात सफाई कामगार बायांसाठी ती लिहिलेली असावी, आणि शिवण्याचं काम वस्तीतल्या बचत गटांना मिळावं. पण ही मागणी कधीही एकटी जाऊ द्यायची नाही. तिच्यासोबत भर दुपारी काम बंद, पिण्याचं पाणी, संडास, आणि त्या बंद तासांची मजुरी, हे सगळं एकाच कागदावर हवं. अहमदाबादच्या 'सेवा' संघटनेनं २०२३ मध्ये आपल्या सभासद बायकांसाठी उष्णतेचा विमा सुरू केला. पारा ठरलेल्या पातळीवर गेला की बुडालेल्या रोजगाराची काही भरपाई मिळते. म्हणजे उन्हाचा हिशेब पैशात मांडता येतो. फक्त तो मांडायची इच्छा हवी.

त्या मावशी आता फिक्या पिवळ्या टोपीत कामावर जातात. पहिले दोन दिवस गडी हसले, "मॅडम आल्या" म्हणाले. तिसऱ्या दिवशी त्यांच्यातल्याच एकानं विचारलं, "मावशी, माझ्या बायकोला एक शिवून मिळेल का?" मावशींनी त्याला सांगितलं, "तिलाच पाठव. माप घ्यावं लागतं."

तुमच्या भागात बाया उन्हासाठी डोक्यावर काय घेतात? कुठे काही वेगळं करून बघितलंय का? जरूर लिहा. चाललेले नमुने कळवा आणि फसलेलेही.