भाड्याचे घर हद्दपार का झाले?

मुंबईतील घरांचा प्रश्न निघाला की चर्चा होते ती घरे बांधण्याची आणि विकण्याची. जणू प्रत्येक कुटुंबाने घराचे मालक झालेच पाहिजे! वस्तुतः ही नगरी वाढली ती भाड्याच्या खोल्यांत. गिरणगावातील चाळी, गिरगाव-दादरच्या इमारती, १९२० च्या दशकात शासनाने बांधलेल्या २०७ बीडीडी चाळी यांतच कामगार, कारकून आणि शिक्षक यांना शहरात पाय रोवता आला. केंद्र सरकारच्या २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीनुसार देशातील शहरांत १९६१ साली शेकडा ५४ घरे भाड्याची होती. २०११ साली हे प्रमाण २८ वर आले. या घसरणीची कारणे समजून घेतल्यावाचून परवडणाऱ्या घरांची भाषा पोकळ ठरेल.

गोठलेले भाडे

१९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने मुंबईतील प्रमाण भाडे सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून टाकले. युद्धोत्तर टंचाईत हे संरक्षण आवश्यकच होते. परंतु तात्पुरता उपाय पन्नास वर्षे चालला. भाडे दुरुस्तीलाही पुरेना, तेव्हा मालकांनी डागडुजी सोडली. इमारती खचू लागल्या आणि १९६९ मध्ये शासनाला उपकर बसवून दुरुस्ती मंडळ स्थापावे लागले. त्या वेळी अशा इमारती १९,६४२ होत्या. नवी चाळ बांधण्यात कोणालाच लाभ उरला नाही आणि जुनी खोली पागडीवाचून मिळेना. ज्याला खोली मिळाली होती त्याचे संरक्षण झाले. नंतर आलेल्याला दार बंद झाले. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोठलेले भाडे अवाजवी झाल्याचे सांगितले. १९९९ च्या कायद्याने वर्षाला शेकडा ४ वाढीची मुभा दिली आणि पागडीलाही मान्यता दिली.

अकरा महिन्यांचे बिऱ्हाड

दुसऱ्या टोकाला आहे तो लिव्ह अँड लायसन्सवर राहणारा. त्याचा करार बहुधा अकरा महिन्यांचा. मुदत संपली की वाढीव भाडे, नाहीतर नवे घर, नवी अनामत, नवी दलाली. मुदतीनंतर घर लवकर परत मिळण्याची सोय कायद्याने मालकाला दिली आहे. रहिवाशाला स्थैर्य मात्र दिलेले नाही.

घर विकत घ्यावे, हा सल्ला त्याला सर्रास दिला जातो. त्याचा हिशेब पाहावा. एक कोटीच्या घरासाठी पदरचे २० लाख भरून उरलेले ८० लाख साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी काढले, तर मासिक हप्ता सुमारे ६९,४०० रुपये होतो. तो मिळकतीच्या तृतीयांशात बसवायचा तर कुटुंबाला दरमहा दोन लाखांहून अधिक उत्पन्न हवे. किती शिक्षकांना आणि कारकुनांना ते असते? मग बदलापूर किंवा विरार गाठावे लागते आणि घराच्या किमतीचा उरलेला भाग रोज लोकलच्या गर्दीत चुकवावा लागतो. जे मालक झाले तेही सुटत नाहीत. व्याजदर चढला की हप्ता किंवा मुदत वाढते.

उलट, त्याच घराचे भाडे किमतीच्या तीन टक्के धरले तर महिना २५,००० रुपये होते. गुंतवणूकदाराचे लक्ष भाड्यापेक्षा वाढत्या किमतीवर असते, म्हणून त्याला कुलूपही परवडते. मुंबईत २०११ च्या जनगणनेत सुमारे ४ लाख ८० हजार घरे रिकामी आढळली, ती या शहरात निवाऱ्याची गरज नव्हती म्हणून नव्हे!

काय करता येईल?

जुन्या भाडेनियंत्रणाकडे परतणे हा उपाय नव्हे. निदान तीन वर्षांचा करार, वार्षिक वाढीचा दर आरंभीच निश्चित आणि वादांचा जलद निकाल, एवढे कायद्याने बंधनकारक करता येईल. दीर्घकाळ बंद ठेवलेल्या घरावर अधिक कर बसविता येईल. सर्वात महत्त्वाचे म्हणजे सार्वजनिक जमिनीवरील घरांचा काही हिस्सा कधीही न विकता केवळ भाड्यासाठी राखला पाहिजे. बीडीडी चाळीतील १६० चौरस फुटांच्या भाडेकरूस पुनर्विकासात ५०० चौरस फुटांचे मालकीचे घर मिळते, हे स्वागतार्हच आहे. परंतु शासन स्वतःच घरमालकाच्या भूमिकेतून बाहेर पडत असेल, तर उद्या नोकरीसाठी या शहरात येणाऱ्या तरुणाने पहिले बिऱ्हाड थाटावे कोठे, याचे उत्तरही शासनानेच दिले पाहिजे.