निरीक्षकाचा शेरा आणि कामगाराचा जीव

कारखान्यातील अर्थिंग ठेकेदाराने चुकीचे केले तर त्याला जाब विचारला जातो. तेच चुकीचे काम विद्युत निरीक्षकाने करावयास लावले असेल, तर जाब कोणाला विचारावयाचा, याचे उत्तर कोणापाशी नाही.

१९५६ च्या भारतीय वीज नियमांपैकी ६१ व्या नियमाने यंत्राच्या सांगाड्याला जमिनीशी दोन स्वतंत्र जोडण्या द्याव्यात असे सांगितले होते. ते नियम गेले, २०१० चे विनियम आले, त्यांच्या जागी २०२३ चे आले. दोन जोडण्यांचे बंधन कायम राहिले. हेतू उघड आहे. एक पट्टी तुटली तरी दुसरीने काम भागावे. परंतु ‘दोन जोडण्या’ म्हणजे एकमेकांपासून तोडलेले दोन खड्डे, असा अर्थ लावणारे अधिकारी आढळतात. खड्डे परस्परांशी आणि रोहित्राच्या न्यूट्रलशी पट्टीने जोडलेले दिसले, की ती पट्टी काढा असा शेरा पडतो.

या शेऱ्याचा परिणाम साध्या भागाकाराने कळतो. समजा, रोहित्राच्या खड्ड्याचा रोध १ ओहम आणि मोटारीच्या खड्ड्याचा ४ ओहम आहे. मोटारीचे वेष्टन जळून २३० व्होल्टची तार सांगाड्याला टेकली, तर मातीतून वाहणारा प्रवाह फक्त ४६ अँपिअर. ६३ अँपिअरचा फ्यूज त्याने वितळत नाही. सांगाड्यावर १८४ व्होल्ट तसेच राहतात आणि कामगार त्याला हात लावतो. काढून टाकलेली पट्टी जागेवर असती, तर प्रवाह शेकडो अँपिअरवर जाऊन फ्यूज तत्काळ उडाला असता. खड्ड्यात मीठ-कोळसा कितीही ओता, माती काही तांब्याची होत नाही!

जाणत्या वायरमनला हे ठाऊक असते. पण परवानगीचा कागद अडला की कारखाना अडतो, म्हणून तो मुकाट्याने पट्टी काढतो. २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १६२ प्रमाणे निरीक्षकाच्या निर्णयावर अपील करता येते. लहान कारखानदार त्या वाटेला जाईल कशाला? उलट कलम १६८ ने सद्भावनेने केलेल्या कृत्याला संरक्षण दिले आहे. आणि १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टनुसार कृत्य प्रामाणिक असले की पुरे, ते निष्काळजीपणाचे असले तरी सद्भावनेचेच मानले जाते. म्हणजे नियम नीट न वाचण्याची किंमत अधिकाऱ्याला द्यावी लागत नाही. ती यंत्रावरचा माणूस देतो.

दुरुस्तीच्या प्रत्येक हुकमात विनियमाचा क्रमांक व तांत्रिक कारण लेखी नमूद करणे सक्तीचे असले पाहिजे. ठेकेदाराचा लेखी आक्षेप त्याच फाइलीत राहिला पाहिजे. आणि अपघातानंतरची चौकशी, ज्या कार्यालयाने शेरा मारला त्याच कार्यालयाकडे जाता कामा नये. यासाठी नवा कायदाही नको. कलम १६१ ने निरीक्षकाऐवजी अन्य व्यक्तीला चौकशीस नेमण्याचा अधिकार सरकारला आधीच दिलेला आहे.