दात्याचा हात

दानाची महती आपल्याकडे लहानपणापासून कानी पडते. परंतु दान दिल्यावर दात्याने आपला हात मागे घ्यावा, ही गोष्ट तितक्या अगत्याने कोणी सांगत नाही. वस्तुतः ती आपल्या दानविधीतच आहे. उदक सोडताना यजमान 'न मम' म्हणतो, आणि दिलेल्या वस्तूवरील त्याचे स्वामित्व त्याच क्षणी संपते. परदेशी चर्चांनी धर्मप्रसारार्थ दूरदेशी जो पैसा धाडला, त्याविषयी आजवर पुष्कळ वाद झाला. पण ही कसोटी त्यास क्वचितच लावली गेली. एक पक्ष त्या पैशास निर्भेळ परोपकार म्हणतो, दुसरा पक्ष त्यास कारस्थान म्हणतो. आमच्या मते दोघेही भलताच प्रश्न विचारीत आहेत. पैसा कोठून आला, यापेक्षा तो आल्यावर शब्द कोणाचा चालला, हाच खरा प्रश्न होय.

मराठी वाचकांस सर्वांत जवळचे उदाहरण घेऊ. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स संस्थानात सेलम नावाचे बंदर आहे. तेथील टॅबरनॅकल चर्चमध्ये ६ फेब्रुवारी १८१२ रोजी पाच तरुणांस पाळकपदाची दीक्षा देऊन पूर्वेकडे रवाना करण्यात आले. त्यांना धाडणारे 'अमेरिकन बोर्ड' १८१० मध्ये स्थापन झालेले, आणि त्याची सारी भिस्त गावोगावच्या मंडळींच्या वर्गणीवर. कलकत्त्यास कंपनी सरकारने या लोकांस थारा दिला नाही. तरीही गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे १८१३ मध्ये मुंबईस येऊन पोचले, आणि पुढे 'मराठी मिशन' म्हणून प्रसिद्धीस आलेल्या कार्याचा पाया पडला. त्याच तुकडीतील सॅम्युअल न्यूएल यांची पत्नी हॅरिएट हिला मॉरिशस बेटात, वयाच्या अवघ्या एकोणिसाव्या वर्षी, मरण आले. ज्यांना हा सगळा उद्योग म्हणजे निव्वळ कावा वाटतो, त्यांनी या मरणाकडे एकवार पाहावे. माणसे अशा श्रद्धेपायी मरतात. काव्यापायी सहसा मरत नाहीत.

शिवाय त्या वर्गणीची फळे आपणही चाखली आहेत. याच बोर्डाने पाठविलेल्या सिंथिया फरार बाईंच्या अहमदनगर येथील मुलींच्या शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिल्या, आणि १८४८ मध्ये पुण्यात स्वतः मुलींची शाळा काढली. त्या काळी आमच्या पांढरपेशा वर्गापाशी द्रव्य अगदीच नव्हते असे नाही. मुलींना शिकविण्यासाठी ते बाहेर पडत नव्हते, एवढेच. ज्यांनी स्वतःची थैली आवळून धरली, त्यांच्या नातवंडांनी दुसऱ्याच्या थैलीवर रागावणे फारसे शोभत नाही.

इतके मान्य केल्यावर दोष सांगण्याचा अधिकार आम्हांस प्राप्त होतो. दोष हा की, वर्गणीबरोबर हुकूमही जहाजातून येत असे. या बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन हे मोठे विचारी गृहस्थ होते. दूरदेशीच्या मंडळीने आपला कारभार आपण करावा, आपला खर्च आपण सोसावा आणि धर्मप्रसारही आपणच करावा. मिशनचे यश म्हणजे मिशनची गरज सरणे, हे तत्त्व त्यांनी आणि इंग्लंडातील हेन्री व्हेन यांनी मांडले. याहून न्याय्य तत्त्व दाखवा म्हटले तर दाखविता येणार नाही. पण आचरण पाहा! १८५४-५५ मध्ये अँडरसनसाहेब हिंदुस्थान व सिलोन येथील कार्याच्या पाहणीस आले. जाफन्याजवळ बट्टिकोटा येथे याच बोर्डाचे १८२३ पासून चालत आलेले नामांकित विद्यालय होते. मद्रास विद्यापीठाचे पहिले दोन पदवीधर हे तेथलेच विद्यार्थी. इंग्रजी शिकून मुले पाळक होण्याऐवजी सरकारी नोकरीकडे वळतात, असे ठरून १८५५ मध्ये ते विद्यालय बंद झाले. ज्या तमिळ कुटुंबांची मुले तेथे शिकत होती, त्यांच्या मताने हा निकाल लागला नाही. पुढे १८७२ मध्ये तेथील ख्रिस्ती लोकांच्याच खटपटीने जाफना कॉलेज उभे राहिले. स्वावलंबनाचा पाठ देणाऱ्यानेच शिष्याच्या हातची पाटी काढून घ्यावी, याला काय म्हणावे?

कोणी म्हणेल, पैसा देणाऱ्याने हिशेबही मागू नये काय? अवश्य मागावा. परंतु हिशेब मागणे निराळे आणि हुकूम सोडणे निराळे. पै-पैचा जमाखर्च तपासूनही घेणाऱ्याची मान ताठ ठेवता येते.

या हुकमाची बोच सर्वांत अधिक लागली ती देशी ख्रिस्ती बांधवांस. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि वर्षानुवर्षे अमेरिकन मिशनची सेवा केली. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी चाकरी सोडली आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोहोंस सामावून घेणारा 'देवाचा दरबार' उभारला. त्यांनी ख्रिस्त सोडला नाही, वेतन सोडले. यातच सारे आले. त्यापूर्वी १९१० मध्ये एडिंबरो येथील जागतिक मिशनरी परिषदेत अझरायांनी मिशनऱ्यांच्या त्यागाबद्दल कृतज्ञता व्यक्त करून त्यांच्यापाशी एकच गोष्ट मागितली होती, ती म्हणजे बरोबरीची मैत्री. त्यांनी नुसते मागितलेही नाही. १९०५ मध्ये श्रीरामपूर येथे आपल्याच माणसांच्या, पैशाच्या व व्यवस्थेच्या बळावर जी नॅशनल मिशनरी सोसायटी निघाली, तिच्या संस्थापकांत ते होते. परक्या तिजोरीवाचून काम चालते, हे तिने दाखवून दिले.

आज काळ पालटला आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली आणि अनेक मिशनांच्या जुन्या मंडळ्या एका देशी छत्राखाली आल्या. परदेशी देणग्यांवर १९७६ पासून कायदा आहे; २०१० मध्ये तो नव्याने झाला आणि २०२० च्या दुरुस्तीने असा पैसा प्रथम दिल्लीतील स्टेट बँकेच्या ठरावीक शाखेतच उतरवावा लागतो. हिशेबाची शिस्त म्हणून यास आमची हरकत नाही. परंतु बोस्टनचा हुकूम गेला आणि त्याच्या जागी दिल्लीचा आला, तर खेड्यातील शाळेच्या वा दवाखान्याच्या कारभाऱ्यास काय लाभले? त्याने पूर्वी एका दाराशी तिष्ठावे, आता दुसऱ्या दाराशी.

आणि हे सर्व केवळ चर्चांनाच लागू आहे, असे समजून वाचकांनी निश्चिंत होऊ नये. परदेशी स्थायिक झालेले आपले मराठी बांधवही गावच्या शाळेस आणि देवळास पैसा पाठवितात. त्यांतील कित्येकांस वर्ग कोणत्या माध्यमाचा असावा आणि विश्वस्त कोण नेमावा, हेही तेथूनच ठरवावयाचे असते. सेलमच्या मंडळीला जो न्याय, तोच यांना.

म्हणून देणाऱ्यांस, मग ते कोणत्याही धर्माचे असोत, आमचे सांगणे एवढेच की, मदत केव्हा थांबवावयाची तो दिवस घेणाऱ्याशी आधीच बोलून ठरवा, तोवर हिशेब खुशाल तपासा, आणि निर्णय ज्यांच्या गावात शाळा आहे त्यांच्यावर सोपवा. तो तुम्हांस चुकीचा वाटला तरीही सोपवा. एवढे ज्यास साधत नसेल, त्याने 'न मम' म्हणण्याच्या भानगडीत पडू नये. आपण पैसा गुंतविला आहे, असे उघड म्हणावे.